फोर्कच्या बुडालेल्या रानात

उजनी धरणाचं काम पुरं झालं त्याच वर्षी, म्हणजे १९८० साली, टेक्सासच्या पूर्व भागात लेक फोर्क क्रीक नावाच्या ओढ्यावरही धरण उभं राहिलं. हा योगायोग मला त्या तळ्यावर निघायच्या आदल्या रात्री नकाशे चाळताना सापडला. जेवताना मी तो गावाहून आलेल्या अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितला. आमचं घराणं इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं. जुनं पळसदेव उजनीच्या पोटात गेलं तेव्हा अण्णा तिशीत होते. धरणाचं पाणी फार खाली गेलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि लोक होड्या करून बघायला जातात. अण्णा कधी गेले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी एवढंच विचारलं, "मग तिथं खाली काय बुडालंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथले मासे मला ऐकून माहीत होते, तळ्याचा तळ मुळीच नाही. अनोळखी तळ्यावर बास धरायला जाणाऱ्यापुढे खरं तर हाच प्रश्न असतो, पण तो मला अण्णांनी विचारल्यावर सुचला.

बास म्हटलं की आपल्याकडे काहींना जिताडा आठवेल, कारण त्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात. या दोघांचं नातं नाही. अमेरिकेतला लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, सनफिशच्या कुळातला मासा. पाठ हिरवट, पोट पांढरं, कुशीवरून गेलेला काळा तुटक पट्टा, आणि जबडा एवढा मोठा की त्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. तो पाठलाग करून दमणारा मासा नाही. बुडालेल्या लाकडाच्या, गवताच्या सावलीत दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. त्यामुळे त्याला शोधायचं म्हणजे त्याची बसायची जागा शोधायची. ओळखीच्या तळ्यात ती सवयीने कळते. मी आठ वर्षं घराजवळच्या लेव्हॉन तळ्यावर जातोय, तिथले खडक मला पाठ आहेत. फोर्कवर मी पहिल्यांदाच निघालो होतो.

प्लेनोच्या घरून पहाटे साडेचारला निघालो. मार्चचा दुसरा आठवडा. तीस नंबरच्या महामार्गाने ग्रीनव्हिल, तिथून ६९ नंबरच्या रस्त्याने लोन ओक, पॉइंट, एमरी आणि ॲल्बा. गावं लहान, एक पेट्रोल पंप, एक चर्च, एक बियाणं-खाद्याचं दुकान, की संपलं गाव. पॉइंटपाशी मी अण्णांना सांगितलं, की १९०२ साली अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची 'फार्मर्स युनियन' याच गावात सुरू झाली. कापसाला भाव मिळत नाही म्हणून शेतकरी एकत्र आले होते. अण्णा १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनातले. त्यांनी काच खाली केली आणि ते अंधारातलं गाव मागे पडेपर्यंत बघत राहिले.

एमरीच्या पुढे झाडी दाट होत जाते. डॅलसकडची सपाट, उघडी जमीन संपते आणि ओक नि पाइनचं रान सुरू होतं. रेडबडची झाडं पान फुटायच्या आधीच जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरली होती. टेक्सासात मोठं नैसर्गिक तळं जवळपास एकच, लुइझियानाच्या सीमेवरचं कॅडो, आणि पुढे त्यालाही बांध घातला गेला. बाकी ज्याला ज्याला इथे लेक म्हणतात ते सगळे धरणाचे जलाशय. फोर्कही तसाच. सबीन नदीच्या खोऱ्यातल्या या धरणाचं पाणी डॅलसच्या पाणीपुरवठ्यासाठी राखलेलं आहे. जलाशय सुमारे २७ हजार एकरांचा, म्हणजे अकरा हजार हेक्टरांच्या आसपास. सगळ्यात खोल जागी जेमतेम सत्तर फूट. उजनीपुढे हे लहान पोर आहे, पण बास धरणाऱ्यांच्या जगात याचं नाव फार मोठं आहे, आणि ते नशिबाने झालेलं नाही.

झालं असं, की धरण भरायच्या आधीच टेक्सासच्या वन्यजीव खात्याने बुडणाऱ्या क्षेत्रातल्या शेततळ्यांत फ्लोरिडा जातीच्या बासची पिल्लं सोडून ठेवली. फ्लोरिडाचा बास स्थानिक बासपेक्षा मोठा वाढतो. पाणी चढत गेलं, शेततळी धरणात मिसळली आणि आधीच मोठे झालेले मासे नव्या पाण्यात पसरले. दुसरी गोष्ट, रान तोडलंच नाही. बोटी जाण्यापुरते पट्टे साफ केले आणि बाकीची झाडं उभीच बुडू दिली. तिसरी गोष्ट नियमांची, ती पुढे येईलच. १९८६ च्या नोव्हेंबरात मार्क स्टीव्हन्सन या गाइडला इथे १७.६७ पौंडांची मादी मिळाली. तिला मारलं नाही. 'एथेल' नाव ठेवून तिला मिसुरीतल्या एका मोठ्या दुकानाच्या टाकीत सांभाळलं, ती तिथे १९९४ पर्यंत जगली. तिच्यापासूनच राज्याची एक योजना सुरू झाली: तेरा पौंडांवरची, म्हणजे सहा किलोंच्या घरातली मादी हंगामात कोणाला मिळाली तर ती सरकारला पैदाशीसाठी द्यायची. तिची पिल्लं पुन्हा तळ्यांत सोडली जातात. टेक्सासचा आजचा राज्यविक्रमही फोर्कचाच आहे. २४ जानेवारी १९९२ रोजी बॅरी सेंट क्लेअर यांना १८.१८ पौंडांचा, सव्वाआठ किलोंचा बास मिळाला, आणि तोही ते क्रॅपी नावाचा लहान मासा धरत असताना, छोट्या जिवंत माशाच्या आमिषावर.

धक्क्यावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. आमचा गाइड साठीचा, याच भागात वाढलेला. परवाने त्याने आधी बघितले. सतरा किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला टेक्सासात सहसा परवान्याशिवाय सार्वजनिक पाण्यात गळ टाकता येत नाही. माझा वर्षाचा होता, अण्णांचा एका दिवसाचा, परराज्यातल्या माणसाचा. त्यानंतर त्याने आम्हाला जीवरक्षक जाकिटं घालायला लावली आणि इंजिन बंद करणारी दोरी स्वतःच्या कमरेला अडकवली. माणूस बोटीबाहेर फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन तिथल्या तिथे थांबतं. अण्णांनी ती दोरी दोनदा ओढून पाहिली. उजनीत होड्या उलटल्याच्या बातम्या वाचलेल्या माणसाला त्या हातभर दोरीची किंमत लगेच कळते. आपल्याकडच्या प्रत्येक मोटरबोटीला ती असावी, असं मला मनापासून वाटतं.

झाडांमधल्या पट्ट्यातून बोट हळू चालली होती. दोन्ही बाजूंना पाण्यातून वर आलेले राखाडी खांब. साल केव्हाच गळून गेलेली, फांद्या मोडलेल्या, शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. चाळीस वर्षं पाण्यात राहूनही ही झाडं उभी आहेत, कारण पाण्याखालचं लाकूड हवेअभावी सहसा कुजत नाही. पाण्याच्या रेषेवर मात्र ते झिजतं आणि तिथेच मोडतं. त्यामुळे आता दिसतात त्याच्या कित्येक पट खोडं पाण्याच्या पातळीखाली लपलेली आहेत. वेगाने बोट घालणाऱ्याला ती फार महाग पडतात. गाइड पट्टा सोडून एक फूटही बाहेर गेला नाही.

सकाळ वाया गेली. आदल्या रात्री उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट येऊन गेली होती. आभाळ एकदम स्वच्छ, निळंभोर, आणि बास धरणाऱ्याला यापेक्षा वाईट हवा नाही. थंड लाटेनंतर मासे खोडांना चिकटून बसतात, आमिष नाकासमोरून गेलं तरी हलत नाहीत. पाण्याचं तापमान १४ अंश सेल्सिअस होतं. बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतो ते साधारण १५ ते १८ अंशांना, म्हणजे आम्ही अगदी उंबरठ्यावर होतो. बिग केनीच्या खाडीत दोन तास, मग पुलाच्या बाजूला तासभर. लाल रंगाचं, आत खुळखुळ वाजणारं आमिष मी एवढ्या वेळा फेकलं की अंगठ्याला रिळाचा चट्टा पडला. एकदाही ओढ लागली नाही.

गाइडसमोरच्या पडद्यावर पाण्याखालची खोडं चित्रासारखी दिसत होती. हल्लीच्या ध्वनियंत्रांवर मासासुद्धा दिसतो, त्याने आमिषाकडे तोंड वळवलेलंही दिसतं. पट्टीचे मासेमार त्यावरून सध्या दोन गटांत विभागलेत. मला विचाराल तर माशाला लपायला जागा उरू द्यावी. आमच्या गाइडचंही तेच मत निघालं. तो पडदा फक्त खोली आणि खोडं बघायला वापरत होता.

अकराच्या सुमाराला अण्णांनी माझ्या खांद्याला हात लावला. "ही झाडं बघ," ते म्हणाले. "रानातली न्हाईत ही. एका ओळीत हायत. बांधावरची हायत." मी बघितलं. खरंच, बाकीची खोडं कशीही विखुरलेली आणि ही वीसएक खोडं किनाऱ्यापासून आत सरळ रेघ मारल्यासारखी. मध्ये एके ठिकाणी बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. "हितनं वाट असणार. आन् ह्या वाटेच्या शेवटाला पानी असणार, विहीर म्हन, तळं म्हन. जनावरं पान्यावर न्यायची वाट हाय ही."

मी गाइडला सांगितलं. त्याने बोट थांबवली, अण्णांकडे वळून बघितलं आणि मग नकाशावर बोट ठेवलं. ती जुन्या कुंपणाचीच झाडांची ओळ होती आणि तिच्या टोकाला गुरांसाठी खणलेलं एक तळं, त्याच्या मातीच्या बांधासह, आठ फूट पाण्याखाली होतं. धरण भरायच्या आधी त्याने त्या बांधावरून ससे मारले होते. दुपारी ऊन चढलं की आम्हाला तिथेच न्यायचं त्याने ठरवलं होतं. बुडालेल्या शेततळ्याचा बांध म्हणजे बासला खोल पाण्यातून उथळ पाण्यात चढायला आयती पायरी. मग त्या दोघांचं जे बोलणं सुरू झालं, त्यात मी दुभाषा म्हणून पुरा पडेना. कुठे कापूस होता, कुठे रताळी, रस्ता कुठून जायचा. अण्णांनीही सांगितलं: आमची विहीर, चिंचेचं झाड, नदीचा घाट. आता उजनीत जाळी टाकणारी पोरं चिंचेच्या खोडात जाळं अडकतं म्हणून त्या जागेला अजून 'चिंच' म्हणतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्याच घरात वाढलो.

दुपारच्या जागेसाठी गाइडने आमिष बदललं. टेक्सास रिग हा प्रकार इथे शेंबडं पोरही बांधतं, पण हातात घेऊन बघावा असा आहे. दोऱ्यात आधी बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार वजन ओवायचं, टोक दोऱ्याच्या दिशेला. मग मानेत वाकवलेला गळ बांधायचा. मऊ प्लॅस्टिकचा, वीतभर लांबीचा गांडूळ घ्यायचा, त्याच्या डोक्यात गळाचं टोक अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढायचं, गांडूळ गळाच्या मानेपर्यंत वर सरकवायचा, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात पुरून टाकायचं. टोक झाकलेलं असल्यामुळे गळ फांद्यांतून, गवतातून न अडकता सरकतो, आणि माशाने चावल्यावर आपण झटका दिला की टोक मऊ प्लॅस्टिक फाडून बाहेर येतं. हा प्लॅस्टिकचा गांडूळ निक क्रीम या कारागिराने १९४९ साली ओहायोतल्या ॲक्रनमध्ये बनवायला सुरुवात केली, आणि पुढे त्याचा कारखाना आला तो इथून जवळच्याच टायलर गावात. बुडालेल्या झाडांच्या तळ्यांसाठी याहून नेमकं आमिष अजून निघालेलं नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

दोन वाजता त्या खाडीतलं पाणी १७ अंशांवर पोचलं होतं. अण्णांनी साधी फिरकीची काठी घेतली आणि वाटेच्या मोकळ्या जागेच्या कडेला गांडूळ टाकला. तिसऱ्या फेकीला त्यांना तेरा इंचांचा बास मिळाला, अर्ध्या तासात चौदा इंचांचा दुसरा. लहानपणी भोयांच्या पोरांबरोबर वेळूच्या काठीने भीमेत मरळ धरलेला हात होता तो. बासचा नर घरटं शेपटीने साफ करतो आणि अंडी-पिल्लं राखत बसतो, हे गाइडने सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हंजे आपल्या मरळीवानीच की." मरळही आपल्या लालसर पिल्लांच्या झुबक्याखाली राखण करत फिरते. भीमेकाठच्या जुन्या माणसांना ते ठाऊक असतं आणि पिल्लं वर असताना चांगला माणूस मरळीवर गळ टाकत नाही.

माझी पाळी चारला आली. गांडूळ बांधाच्या उतारावर पडला, बुडाला, आणि दोऱ्यात 'टक्' असं एकदाच झालं, टिचकी मारल्यासारखं. मग दोरा बाजूला सरकायला लागला. मी ढील घेतली, काठी खाली केली आणि जोरात वर ओढली. काठी अर्धी वाकली, मासा सरळ खोडांकडे निघाला. तिथे पोचला असता तर संपलंच होतं. रिळावर अंगठा दाबून त्याला वळवला तसा तो पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकत, कल्ले लाल, तोंड उघडं. आणखी दोनदा बुडून गेला. बोटीजवळ आल्यावर मी हात ओला केला, अंगठा त्याच्या खालच्या ओठावर धरला आणि दुसरा हात पोटाखाली घेऊन उचलला. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. एवढा जड मासा नुसत्या जबड्याने टांगायचा नाही, हेही गाइडने आधीच बजावलं होतं. अंड्यांनी पोट ताठ झालेली मादी होती. पट्टीवर साडेएकोणीस इंच, काट्यावर साडेचार पौंड.

ती ठेवता येत नाही. फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. दिवसाला पाच बास ठेवता येतात. त्यांत चोवीस इंच किंवा त्याहून मोठा एकच चालतो, बाकीचे सोळा इंच किंवा त्याहून लहान असावेत. मधल्या मापाचे मासे म्हणजे पैदाशीचे, वाढीचे. ते राखले म्हणून इथे मोठे मासे निघतात. बास धरून सोडण्याची पद्धत अमेरिकेत रुजली ती १९७२ पासून, रे स्कॉट यांनी आपल्या स्पर्धांमध्ये मासा जिवंत ठेवायची अट घातल्यावर. त्याआधी बहुतेक जण खातच होते. बासचा जागतिक विक्रम २ जून १९३२ चा, जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याचा, २२ पौंड ४ औंस. मंदीचा काळ होता, त्याने तो मासा दुकानात तोलून घेतला आणि घरी नेऊन कुटुंबाने खाल्ला. त्यात मला काही गैर दिसत नाही. घरात खाणारी तोंडं होती. तो विक्रम एकदाच कोणी गाठला: २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी. जपानमध्ये हा मासा १९२५ साली बाहेरून आणलेला आहे आणि त्याने तिथल्या देशी माशांचं फार नुकसान केलंय, म्हणून बिवाच्या काठावर कायदा नेमका उलटा आहे. तिथे धरलेला बास पाण्यात परत सोडायला बंदी आहे. उजनीतल्या परक्या चिलापीविषयी आपण असा विचार कधी केला नाही. भिगवणची चिलापी फ्राय मलाही आवडते, पण देशी मासे कमी झाल्याचं अण्णांच्या पिढीचे भोई सांगतात आणि त्यांचं ऐकायला हवं.

मादी मी पाण्यात धरली. कल्ले दोन-तीनदा हलले, मग शेपटीचा एक फटका आणि ती खाली, बांधाच्या दिशेने गेली. अण्णा वाकून बघत होते. "अंड्यावरची हाय," ते म्हणाले, "जाऊ दे."

त्यांचे दोन्ही मासे मात्र आम्ही ठेवले. इथे एक गैरसमज सांगायला हवा. पुष्कळ हौशी लोक सगळेच मासे सोडतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. मापाची ही पद्धत चालायची तर सोळा इंचांखालचे काही मासे खाल्ले जाणं गरजेचं असतं, नाहीतर लहानांची गर्दी होऊन सगळ्यांचीच वाढ खुंटते. पाण्यावर असेपर्यंत डोकं-शेपटी कापायची नाही, म्हणजे तपासणीला माप घेता येतं. धक्क्यावरच्या टेबलावर अण्णांनी मासे साफ केले. रात्री भाड्याच्या लाकडी खोलीत घरून आणलेलं काळं तिखट, लसूण, हळद, वरून ज्वारीच्या पिठाचा हात. बासचं मांस पांढरं, घट्ट, काटे थोडे. मरळीच्या जवळ जातं.

जाणार असाल तर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंतचे दिवस धरा आणि पहिल्या खेपेला गाइड घ्याच. खोडांमुळे अनोळखी माणसाने तिथे एकट्याने बोट घालू नये. थंड लाट येऊन गेली असेल तर सकाळी निराश होऊ नका, उत्तरेकडच्या उथळ खाड्या दुपारी तापतात. परत निघताना बोटीतलं, टाकीतलं सगळं पाणी काढून ती कोरडी करा. पाणी काढण्याचा इथे कायदाच आहे, कारण शिंपल्याच्या आणि पाणवनस्पतीच्या परक्या जाती एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात अशाच पसरतात. जलपर्णीने गच्च भरलेलं पाणी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आणि गावाकडून आई-वडील आलेले असतील तर त्यांना बरोबर न्या, परवाना एका दिवसाचा मिळतो.